वाडीतलं रॉक आणि मॅडमचा अर्ज

आधीच सांगून टाकते, मला गाण्यातलं काही कळत नाही. परिपाठाला पोरांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि पंधरा ऑगस्टला एक समूहगीत बसवायचं, इतकाच माझा संगीताशी संबंध. तरीसुद्धा २०१५ पासून २०१९ पर्यंत, ओळीने पाच वर्षं, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी झाईला जाऊन रॉक ऐकलं. टीव्हीवर नाही, कानात हेडफोन घालून नाही. भर उन्हात, उघड्या मैदानात, हजारो पोरापोरींच्या गर्दीत, डोक्यावर छत्री धरून ऐकलं. आमच्या ह्यांना अजून ते पटत नाही.

मी डहाणूची, माहेर नरपडचं, आणि नोकरी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. रोज एक एसटी आणि एक टमटम. शाळेत आम्ही दोघी बाया, बाकी हेडमास्तर आणि एक गुरुजी. दुसरी बाई म्हणजे माझी मैत्रीण, लातूरकडची. आम्ही एकमेकींना मॅडमच म्हणायचो. शाळेत सगळेच म्हणतात, तेच तोंडात बसलं. वर 'अगं मॅडम, डबा उघड की' असली आमची भाषा. पाड्यावरची पोरं घरी वारली बोलायची, दुकानात गुजराती, आणि हिच्या वर्गात बसून बसून मराठी मात्र थेट लातूरची बोलायला लागली होती. साहेब तपासणीला आले तर पहिलीतला एक जण त्यांना विचारतो, "काय करायलात, सर?" साहेब बघतच राहिले.

तिला नोकरी लागली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. नवऱ्याचा गावाकडे दुधाचा धंदा, म्हशी टाकून तो इकडे कसा येणार? तलासरीत खोली घेऊन एक वर्ष तिने मुलीला जवळ ठेवून पाहिलं. सकाळी शेजारणीकडे सोडायची, संध्याकाळी आणायची. पावसाळ्यात पोरीला हिवताप झाला, बरा झाला, परत झाला. मग सासूबाई आल्या आणि नातीला घेऊन गेल्या. तेव्हापासून मॅडमच्या डोक्यात एकच गोष्ट, आंतरजिल्हा बदली. आपल्या जिल्ह्यात परत जायचं, मुलगी मोठी होऊन आपल्याला परकी व्हायच्या आत जायचं. दर वर्षी अर्ज, दर वर्षी वाट बघणं. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला, तेव्हा ती म्हणाली, "बघ, आपण जागच्या जागी अन् जिल्हाच बदलून गेला. माझी बदली तेवढी होईना."

हसून म्हणाली, पण मला ते लागलं. तिची बदली व्हावी असं मी रोज तोंडाने म्हणायचे. मनातून ती जायला नको होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

तर रॉक. झाईला समुद्राच्या अलीकडे चिकूच्या वाड्या आहेत आणि एका वाडीला लागून चांगलं मोठं मोकळं रान आहे, पुढे सुरूचं बन. तिथे मुंबईच्या कोणीतरी हे गाण्याचं जत्रेसारखं प्रकरण सुरू केलं. दोन स्टेजं, दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक बँड. गावात कुरबुर नको म्हणून त्यांनी आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना, शाळांना फुकट पास वाटले. आमच्या शाळेच्या वाट्याला चार आले. हेडमास्तरांनी पास उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "हे आपल्यातलं नाही." आमचे गुरुजीही नको म्हणाले. मॅडमने चारही पास पर्समध्ये टाकले.

"अगं, तुझी रविवारची गाडी आहे ना?" मी म्हटलं. एक मेला निकाल लागला की ती उड्या मारत गावी जायची.

"रविवारची आहे, शनिवारची नाही. चल, बघून तर येऊ. फुकट आहे."

आम्ही निघालो ते गावातल्या भजनाच्या कार्यक्रमाला जावं तसे. दोन काळ्या छत्र्या, एक चटई, पाण्याची पाच लिटरची कॅन, तिचे धपाटे, माझं फरसाण, वाटेत घेतलेले डझनभर ताडगोळे. पत्रिकेवर तीनची वेळ होती म्हणून आम्ही अडीचला हजर. गेटवर एक लांब केसांचा मुलगा होता, त्याने पिशवी उघडली आणि म्हणाला, "आंटी, बाहर का फूड अलाउड नहीं है."

"हे फूड नाही," मॅडम म्हणाली, "डबा आहे."

तिने एक धपाटा त्याच्या हातावर ठेवला आणि आम्ही आत गेलो. आत चिटपाखरू नाही. तारा जोडणारी माणसं आणि आम्ही. मस्तपैकी स्टेजच्या समोर, अगदी पुढे, चटई अंथरून बसलो. चारपर्यंत कोणी आलं नाही. साडेचारला जी पोरं लोटली ती लोटली. सुरत, वापी, मुंबई, पुणे, कुठून कुठून. वापीची पोरं तर आत शिरली ती सरळ बिअरच्या तंबूत, गाण्याशी त्यांचं काही देणंघेणं असेल असं वाटलं नाही. आमच्या चटईच्या चारी बाजूंनी बूट. काळे टी-शर्ट, त्यांवर कवट्या. एक जण वाकून मला म्हणाला, "आंटी, यू आर सो कूल." मी त्याला म्हटलं, "चटईवरून पाय काढ."

मग पहिला बँड सुरू झाला आणि माझ्या हातातला ताडगोळा खाली पडला. असा आवाज! कानाला नाही, पोटाला ऐकू येत होतं. मी मॅडमकडे पाहिलं. ती छातीवर हात ठेवून बसली होती.

"काय होतंय गं?"

"माझ्या बरगड्या वाजायल्यात," ती म्हणाली. चेहरा बघावा तर खूश.

तासाभराने जनरेटर गेला. स्टेज मुकं झालं, पंखे बंद, मागची पोरं 'काय झालं, काय झालं' म्हणत पुढे रेटायला लागली. पुढच्या कठड्याला चार-पाच मुली चिकटल्या, त्यांना मागेही जाता येईना. एक रडायलाच लागली. तिथले स्वयंसेवक नुसते हात हलवत होते. मॅडमने पर्समधून शिट्टी काढली. कवायत तीच घ्यायची, तिची शिट्टी पर्समध्येच असायची, रुमालासारखी. तीन लांब शिट्ट्या मारल्या आणि असा आवाज लावला की शाळेत पाड्याच्या टोकाला ऐकू जाईल. "सगळ्यांनी जागेवर खाली बसायचं! बैठो! मागचे पण! बसा म्हणलं की बसायचं!"

आणि बसली हो पोरं! पुढची रांग बसली, तिच्या मागची बसली, बसत बसत गेली पार तंबूपर्यंत. कवटीवाला तर मांडी घालून, हाताची घडी घालून बसला. कठड्याच्या मुली मोकळ्या झाल्या, त्यांना आम्ही पाणी पाजलं, ताडगोळे दिले. दहा मिनिटांनी वीज आली तेव्हा गाणारा मुलगा माईकवर म्हणाला, "थँक यू, टीचर." सगळं रान ओरडलं, "टीचर! टीचर!" मॅडम पदर खोचून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना नमस्कार केला. माझी हसून हसून वाट लागली.

त्या दिवसापासून चटई गुंडाळली ती गुंडाळलीच. दुसऱ्या वर्षी आम्ही स्वतः तिकिटं काढली, पंजाबी ड्रेस घातले आणि उभं राहून ऐकलं. मनगटावर कागदाची फीत बांधतात ना, ती कापून टाकायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. मॅडम तशीच गावी गेली. तिकडे बायका विचारायच्या, कुठल्या देवाला जाऊन आलीस? तिने सांगितलं, समुद्राकाठचा देव आहे, मोठा जागृत.

त्या दुसऱ्या वर्षीच एका गाण्याला सगळी पोरं ओरडत होती, मीही ओरडत होते, आणि मला शेजारून वेगळंच काहीतरी ऐकू आलं. मॅडम तिच्या मुलीचं नाव घेऊन ओरडत होती. परत परत, घसा फाडून, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात वर. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने झटकला नाही. गाणं संपल्यावर तोंड पुसत म्हणाली, "खोलीवर रडता येत नाही गं. भिंतीपलीकडं मालकीण, लगेच दार वाजवती. इथं रडलं तरी लोकांना वाटतंय गाणं आवडलं."

मी तिला लिंबू सरबत आणून दिलं. ती ते एका दमात प्यायली आणि पुढच्या बँडला पुन्हा पहिल्या रांगेत. म्हणाली, वर्षातला एक दिवस माझा, बाकीचे सरकारचे आणि सासरचे.

आता २०१७. इथून माझ्या तोंडाला जरा कडू चव येते, पण सांगते.

त्या वर्षी बदलीचे अर्ज ऑनलाईन भरायचे होते. मॅडमची नोकरी पुरेशी झाली होती, गावाकडे जागा रिकाम्या होत्या, सगळे म्हणत होते, यंदा तुमचं काम होणार. मुलगी चौथी पास होऊन पाचवीला जाणार होती. मॅडमने तिला फोनवर सांगूनसुद्धा टाकलं, "पाचवीला तुझी वेणी मी घालणार." अर्ज भरायचं काम माझ्याकडे. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत मोबाईल, कॉम्प्युटर म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मीही मिरवायचे. गुरुवारी तलासरीला कॅफेत जाऊन बसलो, साईट उघडेना. शुक्रवारी तेच. अर्जाची शेवटची तारीख शनिवार. आणि शनिवारीच झाईचा कार्यक्रम.

मॅडम म्हणाली, "आपण उद्या नको जाऊ. कॅफेतच बसू दिवसभर."

आणि मी म्हटलं, "काही नाही होत. वाडीत बसून मोबाईलवर भरू. माझं नेट तिथे मस्त चालतं."

का म्हटलं? कारण साडेचारला आमचा आवडता बँड होता. दुसरं कारण नाही. एवढी बाई आपलं सगळं आयुष्य माझ्या हातात देतेय आणि मला साडेचारचा बँड चुकवायचा नव्हता.

झाई म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. चार पावलं पुढे गुजरात. तिथे मोबाईलचा भरवसा नसतो, मनाला येईल तो टॉवर पकडतो. आम्ही चिकूच्या सावलीत बसलो. नाव, पगाराचा नंबर, नेमणुकीची तारीख, मागितलेला जिल्हा. गोल गोल चक्र फिरतंय, पान उघडतंय, परत चक्र. ओटीपी यायचा मॅडमच्या फोनवर, आणि तिच्या फोनवर आलं 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.' ओटीपी काही येईना. मग ती बांधावर चढून हात वर करून उभी. मी खालून ओरडतेय, "आला का?" ती वरून, "नाही आला!" एकदा आला तर तोवर त्याची वेळ संपलेली. परत. तिसऱ्या खेपेला जमलं. मी आकडे भरले, बटण दाबलं, चक्र फिरलं, आणि पडद्यावर छान हिरवी खूण आली. खाली लिहिलेलं, माहिती जतन झाली आहे.

"झालं!" मी ओरडले.

मॅडम बांधावरून उतरून आली. "नक्की झालं ना? परत एकदा बघ की."

तेवढ्यात स्टेजवरून ढोल सुरू झाले, आमचाच बँड. "झालं म्हटलं ना!" मी खेकसले. "हिरवी खूण दिसत नाही का? किती वेळा विचारशील, बाई!"

तिने फोन पर्समध्ये टाकला. आम्ही धावत गेलो आणि त्या दिवशी आम्ही जे नाचलो ते विचारू नका. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मध्येच माझ्या कानाशी येऊन ओरडली, "पुढच्या वर्षी मी नसणार, तू एकटी येशील का गं?" मी म्हटलं, येईन. आणि मला भडभडून आलं. तिथे रडलेलं कळत नाही ही सोय मलाही कामी आली.

जूनमध्ये यादी लागली. ती गावीच होती. तिच्या मागून नोकरीला लागलेल्यांची नावं होती, तिचं नव्हतं. फोन आला, "माझं नावच नाही गं." एवढंच बोलली आणि ठेवला. मी तिच्या नावाने साईट उघडली, पासवर्ड मीच ठरवला होता. अर्ज तिथेच होता. सगळा भरलेला, एकही चूक नाही. वर लिहिलं होतं, अर्ज अपूर्ण. आणि पान खाली सरकवलं तर एक बटण. अर्ज अंतिम सादर करा. ते मी दाबलंच नव्हतं. पान खाली सरकवलंच नव्हतं.

चार दिवस मी घरी ह्यांच्याशिवाय कोणाला काही सांगितलं नाही. आमचे हे म्हणाले, साईटचाच घोटाळा म्हणून सांग, कोण बघायला येतंय? मलाही तो मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण शाळा उघडायच्या दिवशी ती बॅग घेऊन वर्गात आली, नव्या पाचवीची पुस्तकं मोजत बसली, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. बटणाचं, हिरव्या खुणेचं, बँडचं.

तिने ऐकून घेतलं. बराच वेळ पुस्तकांच्या गठ्ठ्यावरची सुतळी सोडवत राहिली. मग विचारलं, "मुद्दाम नाही ना केलंस?"

"नाही गं! शप्पथ नाही!"

"बरं," ती म्हणाली. "तुमची तिसरी-चौथी आत घ्या, मॅडम. घंटा झाली."

तुमची. घ्या. त्या दिवसापासून ती मला अहो-जाहो करायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी चांगली भांडखोर आहे, मला भांडण निभावता येतं. पण ती नीट बोलायची, डबा उघडला की विचारायची, "घेणार का थोडं?" आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायचे. मी मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. पण एरवी मी विजेचं बिल भरते तर तीन वेळा उघडून बघते, भरलं का म्हणून. त्याच दिवशी मला एकदाही खाली बघावंसं का वाटलं नाही? याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला आवडत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गावाहून आली ती एक पितळी डबा घेऊन. माझ्या टेबलावर ठेवला. "घे. सासूबाईंनी दिलंय. खास तुझ्यासाठी म्हणल्या."

'तुझ्यासाठी' ऐकलं आणि मी भर स्टाफरूममध्ये रडायला लागले. स्टाफरूम म्हणजे काय, हेडमास्तरांच्या टेबलाची दुसरी बाजू. हेडमास्तर उठून बाहेर गेले. "नाटकं करू नकोस, शेंगदाण्याचे लाडू आहेत, खा," मॅडम म्हणाली. मी खाल्ले. मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं असतील ती! जिच्यामुळे घरची सून आणखी वर्षभर लांब राहणार तिला लाडू पाठवतात.

पुढच्या खेपेचा अर्ज तिने स्वतः भरला, कॅफेत बसून, चार दिवस आधी. मला नुसतं शेजारी बसवलं. प्रत्येक बटण दाबताना माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची. शेवटचं बटण दाबल्यावर पावती छापून घेतली. २०१८ च्या एप्रिलअखेर यादी आली आणि तिचं नाव होतं. निकालाचा दिवस उरकून शाळेने तिला मोकळं केलं. शनिवारी ती सामान घेऊन डहाणूला आमच्याकडे आली. रात्रीची लातूरची गाडी मुंबईहून होती.

"चार वाजताचे दोन बँड ऐकून निघता येईल," ती म्हणाली. "चल."

"आज? अगं, गाडी चुकली तर?"

"चुकणार नाही. तू घड्याळ बघत बस, तुझ्यावर माझा विश्वास आहे."

असं म्हणून डोळा मारला. मी घड्याळ बघत बसले. एक गाणं धड ऐकलं नाही. ती मात्र पहिल्या रांगेत, ओळखीच्या पोरांशी हात मिळवत, 'टीचर, टीचर' करवून घेत. यंदा ती मुलीचं नाव घेऊन ओरडली नाही. नुसती गात होती, शब्द येत नव्हते तरी. बरोबर पाचला मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. डहाणूच्या फलाटावर मुंबईच्या गाडीत बसवून दिलं, ती खिडकीतून म्हणाली, "पुढच्या वर्षी फोन लाव तिथनं. ढोल ऐकव." गाडी गेल्यावर मी बाकावर बसून राहिले. मला तिचा फार राग आला होता आणि फार आनंदही झाला होता.

२०१९ ला मी एकटी गेले. गेटवरच्या मुलाने विचारलं, टीचर कुठे? म्हटलं, बदली झाली. त्याला बदली म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. पाचच्या सुमाराला ढोलवाला रंगात आला तेव्हा मी फोन लावला. खूप वेळ वाजला. मग एक बारीक आवाज आला, अगदी दबका.

"हॅलो. आई झोपलीय. माझ्या मांडीवर झोपलीय, मला हलता येईना. कोण बोलायलंय?"

"मी तलासरीच्या मॅडम."

"फोटोतल्या? छत्रीवाल्या?"

"हो, त्याच."

"तुमच्याकडं लई आवाज यायलाय. हळू बोला ना, आई उठंल."

मी कानावर हात धरून गर्दीतून वाट काढत सुरूच्या बनाकडे धावले. तिथेही आवाज होताच, पण बोलता येत होतं. विचारलं, कितवीत गेलीस? सातवीत म्हणाली. वेणी कोण घालतं? आई घालती, पण लई घट्ट घालती. मग आपणहून म्हणाली, "आई खरं म्हणजे पाचवीलाच येणार होती. मग सहावीला आली."

"हो गं. माहीत आहे मला."

"साईट बंद पडली ना त्या दिवशी. आईनं सांगितलंय. तुम्ही दोघी उन्हात मोबाईल वर करून उभ्या राहिला, तुम्ही लई प्रयत्न केला, पण साईटच बंद पडली. आजी तर अजून त्या साईटला शिव्या देती."

मी सुरूच्या बुंध्याला टेकले. म्हणजे घरी तिने सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, पोरीला नाही. वर्षभर मुलगी फोनवर 'कधी येणार' म्हणून रडायची तेव्हाही नाही. माझ्या चुकीवर पांघरूण घालून ती एकटी सगळ्यांची समजूत काढत राहिली होती, आणि इकडे मला अहो-जाहो करत होती.

गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्या पोरीशी खोटं बोलणं मला जमेना.

"ऐक बाळा," मी म्हटलं. "साईट चालू होती. शेवटचं बटण दाबायचं मी विसरले. आईने मला परत बघ म्हणून सांगितलं होतं, मी तिच्यावर ओरडले. तुझं पाचवीचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

पलीकडे पंखा फिरत असल्याचं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवलाच पाहिजे.

"आजीला नका सांगू," ती अगदी हळू म्हणाली. मग, "आईला उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे तिला."